वृश्चिक राशीला आज आईस्क्रीमचा योग

हे लिहायचं कधीपासून डोक्यात होतं पण पतसंस्थेत मार्च एंडिंग म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहिती, त्यामुळे राहूनच गेलं. मागच्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतली एक जण लिफ्टपाशी भेटली, तिचा मुलगा दुसरीत आहे, आणि बोलता बोलता एकदम तिचे डोळेच भरले. "ताई, वाचतच नाही हो तो, पुस्तक काढलं की याच्या पोटात दुखायला लागतं." मी म्हटलं चल वरती, चहा टाकते. चांगलं दीड तास बोललो. ती गेल्यावर वाटलं की तीन वर्षांपूर्वी मला कोणीतरी हे सांगायला हवं होतं, तर निदान आता लिहून तरी ठेवूया.

तर आमचा चिनू. कागदोपत्री चिन्मय. बारशाच्या आधी आम्ही दोघांनी नावांच्या याद्या काढून काढून हे नाव ठेवलं, तेव्हा आपण पोराच्या नावातच एक जोडाक्षर घालून ठेवतोय हे कुणाच्या मनात येणार! दुसरी संपेपर्यंत तो स्वतःचं नाव "चिमय" असं लिहायचा.

मला कळलं कसं ते सांगते, कारण कळायला खूप उशीर झाला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरीत असताना रोज संध्याकाळी मी कुकर लावता लावता त्याला धडा वाचायला बसवायचे आणि तो वाचायचा पण, अगदी घडाघडा, बोट फिरवत. मी खूश. एक दिवस पोळ्या लाटता लाटता सहज वळून बघितलं तर तो वाचतोय पुढच्या पानावरची ओळ आणि पान अजून उलटलेलंच नाही. मी लाटणं ठेवलं, जवळ गेले, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं हा वाच. शब्द होता "घर". तो म्हणाला "धर". मग माझ्याकडे बघितलं, मग परत शब्दाकडे, आणि म्हणाला "झाड?" म्हणजे तो माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत होता. अख्खा धडा त्याला पाठ होता, शाळेत बाकीची पोरं वाचायची ते ऐकून ऐकून. सात वर्षांच्या मुलाने आपल्याला वाचता येत नाही हे लपवायला केवढी मेहनत घेतली होती! आणि मी आपली त्याला आळशी म्हणत होते.

त्यानंतर मी जे केलं ते करू नका. एका प्रदर्शनातून एकदम बाराशे रुपयांची पुस्तकं आणली, सगळी "वयोगट 8 ते 10" वाली, पानभर बारीक अक्षर आणि शेवटी बोध. मग रोज एक पान सक्तीने. चुकलं की मी लगेच दुरुस्त करायचे, शब्द पुरा व्हायच्या आत. मग आमिष, एक पुस्तक वाचलं की दहा रुपये. पहिल्या रविवारी पठ्ठ्याने दुपारच्या आत पाच पुस्तकं "वाचली" आणि पन्नास रुपये मागितले. कपाटातली सगळ्यात पातळ पाच शोधून काढली होती! अकलेत काही कमी नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं. शिवाय चुलत बहीण बघ कशी वाचते, हे रोजचं. आमच्या घरी रात्री नऊ वाजता जी रडारड चालायची ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायची.

शेवटी त्याच्या बाबाने हट्ट धरला की आधी डॉक्टरकडे जाऊ. डोळे तपासले, कान तपासले, दोन्ही ठीक. मग समुपदेशक, मग चाचण्या, आणि तिसरीत रिपोर्टवर शब्द आला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्कल ठीक असते पण अक्षरं-शब्द वाचणं-लिहिणं अवघड जातं. आमच्याकडे हा शब्द म्हटला की सगळ्यांना 2007 सालचा तो आमीर खानचा "तारे जमीन पर" आठवतो, त्यातला मुलगा चित्रं सुंदर काढतो ना, आणि मग "अरे म्हणजे हा मोठा होऊन चित्रकार होणार!" चिनूची चित्रकला माझ्यासारखीच आहे, म्हणजे गाय काढली तर खाली गाय असं लिहावं लागतं. तर ते सोडा. एवढं मात्र सांगते की हा आजार नाही, औषध नाही, लाज वाटण्यासारखं तर काहीच नाही, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात याला जागा आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ वगैरे सवलती असतात. चाचणीबद्दल एकच, जमत असेल तर मुलाच्या भाषेतली मागा. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून काय कळणार? मराठी, हिंदी, कन्नड या भाषांसाठी डाली नावाची चाचणी 2015 पासून आहे.

आणि सगळ्याच अडखळणाऱ्या मुलांना डिस्लेक्सिया असतो असं अजिबात नाही हां. बऱ्याच जणांना नीट शिकवलेलंच नसतं. खेड्यापाड्यातल्या मुलांची वाचनपाहणी होते ना, असर, तिच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण तेवीसच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे न वाचता येणारं मूल हा अपवाद नाहीये, आपण उगाच त्याला वर्गातलं एकटं ढ पोरगं करून ठेवतो.

रेमेडियलच्या मॅडमकडे, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवणाऱ्या बाईंकडे, आठवड्यातून दोनदा जायला लागलो आणि तिथे बसून बसून मलाच आपली लिपी नव्याने कळली. आपल्याला वाटतं मराठी सोपी, जसं लिहितो तसं वाचतो. कुठलं काय! बाराखडी धरली तरी पस्तीसेक व्यंजनं गुणिले बारा, चारशेच्या वर आकार झाले आणि अजून जोडाक्षरं आलीच नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना अक्षराच्या आधी, त्यामुळे डावीकडून उजवीकडे नाकासमोर वाचणारं मूल तिथेच अडखळतं. घ आणि ध, भ आणि म. च एकच, पण चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. आणि र तर बहुरूपीच आहे नुसता, प्रकाशमध्ये पायाशी एक तिरपी रेघ, ट्रकमध्ये खाली टोपी उलटी केल्यासारखा, सूर्यामध्ये डोक्यावर, दुसऱ्यामध्ये कोयतीसारखा कमरेला. मोठ्यांना हे दिसतच नाही कारण आपण कधीच शब्द फोडून वाचत नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही त्याला वाचायला शिकवू नका, ते मी बघते. तुम्ही फक्त त्याला पुस्तकाचा राग येऊ देऊ नका." मला आधी जरा अपमानच वाटला. पण त्यांचं म्हणणं असं होतं की वाचता येणं आणि वाचावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचावंसं वाटणं हे वाचता येण्याच्या आधी सुद्धा सुरू होऊ शकतं. मी या दोन्हीची एकत्र मोट बांधली होती आणि ती होमवर्कच्या विहिरीत सोडली होती.

आता एसटीचं सांगते.

चिनूला एसटीचं वेड आहे. आम्ही नाशिकला राहतो, त्याचं आजोळ सटाण्याला, त्यामुळे लहानपणापासून स्टँडवर बऱ्याच तास-दोन तासांच्या तपश्चर्या झालेल्या. एकदा असेच जुन्या सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या जुन्या एसटी स्टँडवर, उभे होतो आणि मी फोनमध्ये तोंड घालून बसलेली, तर हा म्हणतो, "आई, त्र्यंबकेश्वर लागली." मी मान वर केली तर खरंच त्र्यंबकची गाडी. म्हटलं रंगावरून ओळखली का, तर नाही, गाड्या सगळ्या सारख्याच लाल. पाटी वाचली होती त्याने! आता तुम्हीच बघा तो शब्द, त् र् य तिन्ही एकात एक आणि वर टिंब, पुढे परत श्व. पुस्तकात "प्रार्थना" आलं की घाम फुटणाऱ्या पोराने हा शब्द वाचला. अर्थात तो फोडून वाचला नव्हता, चित्रासारखा ओळखला होता, मॅडमनी नंतर समजावलं मला. पण ओळखायची इच्छा झाली होती हे महत्त्वाचं.

मग आमचा खेळच झाला. रविवारी सकाळी बाप-लेक स्टँडवर, कुठेही जायचं नाही, नुसतं बसायचं, वडापाव खायचा आणि पाट्या बघायच्या. सिन्नर, घोटी, हरसूल, कळवण, सप्तशृंगी गड, अक्कलकुवा, विनाथांबा. आणि एक दिवस सिन्नरच्या पाटीकडे बघून चिनू म्हणाला, "बाबा यात दोन न आहेत पण एक अर्धाच आहे." बाबा म्हणाला, "तोच अर्धा न तुझ्या नावात पण आहे की." त्या दिवशी घरी येऊन त्याने चिन्मय बरोबर लिहिलं. वहीवर नाही, फ्रीजवर. स्केचपेनने. अजून पुसलेलं नाही, पाहुणे विचारतात.

तिथून नवऱ्याच्या डोक्यात आलं की याच्यासाठी पुस्तकच बनवू. घरातल्याच कागदांचं, सोळा पानी, एका पानावर एक-दोन ओळी, अक्षर मोठं, दोन शब्दांत भरपूर जागा. पुस्तकाचं नाव "लाल गाडी". पहिल्या पानावर, "1 जून 1948. आज पहिली एसटी सुटणार." पुढे पुणे ते नगर कशी गेली, गाडीची बॉडी लाकडी होती, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. खरी माहिती होती म्हणून चिनूला त्याचं भारी वाटलं, त्याला "एक होता ससा" नकोच होता. नऊ वर्षांच्या मुलाला वाचता पहिलीचं येतं म्हणून गोष्ट पण पहिलीची दिली की त्याला बरोबर कळतं आपल्याला काय समजतात ते. शब्द सोपे हवेत, विषय नाही. हे मला त्या सोळा पानांनी शिकवलं.

ते पुस्तक त्याने किती वेळा वाचलं असेल देव जाणे. पिना निघाल्या, परत मारल्या. माझी नणंद म्हणाली अगं आता दुसरं दे, पाठ झालंय त्याला. झालं होतंच. पण आधीचं पाठ आणि हे पाठ यात फरक होता, आधी तो शब्दाकडे न बघता म्हणायचा आणि आता बोट शब्दाखाली बरोबर त्याच वेगाने सरकायचं. मॅडमनी तर सांगितलंच की तेच तेच वाचू दे, वेग त्यातूनच येतो.

आता राशिभविष्य. ही आयडिया माझी नाही, कुणाचीच नाही, आपोआप झालं. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या, आणि पेपर तर वाचायचा असतो. म्हणजे पेपर कसला, आधी निधन वार्ता आणि मग राशिभविष्य. मी सकाळी डब्यांच्या गडबडीत, त्यामुळे त्यांनी चिनूला पकडलं. "ये रे, माझी वृश्चिक बघ." पहिल्या दिवशी "वृश्चिक" शोधायलाच पाच मिनिटं गेली, शेवटी विंचवाचं चित्र बघून सापडली. एक ओळ वाचायला अजून पाच. आजी शांत बसलेली. चुकला तरी दुरुस्त करायची नाही, कारण तिला दिसतच नव्हतं काय चुकलं ते! मी किचनमधून ऐकतेय, जीभ नुसती वळवळतेय माझी सांगायला, अरे "अर्थिक" नाही "आर्थिक", पण गप्प बसले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नसेन.

आणि गंमत बघा, राशिभविष्यासारखं वाचनाचं पुस्तक कुठे मिळणार नाही. तीन-चार ओळी, संपल्यासारखं लगेच वाटतं. रोज नवीन, पण शब्द रोज तेच, आर्थिक, प्रवास, आरोग्य, योग, वरिष्ठ, खर्च, शक्यता. जोडाक्षरं ठासून भरलेली. आणि ऐकणाऱ्याला खरोखर ऐकायचंय, परीक्षा घ्यायची नाहीये. महिन्याभरात तो आजीचं, माझं, बाबाचं, खालच्या वॉचमनचं सगळ्यांचं भविष्य वाचायला लागला. मग एक दिवस ऐकते तर, "वृश्चिक. आज नातवाला आईस्क्रीम देण्याचा योग आहे. खर्च वाढेल पण आरोग्य उत्तम." आजी म्हणाली, "आणि दोन कप की एक?" तो पेपरात बघून म्हणाला, "दोन लिहिलंय."

मला इतका आनंद झाला की त्या मोडलेल्या, खोट्या ओळीवर मी पेढे वाटले असते. कारण त्याला कळलं होतं की छापलेला मजकूर म्हणजे कुणीतरी बनवलेली गोष्ट असते आणि ती आपण पण बनवू शकतो.

रात्रीचं वाचन मात्र माझं. ते मी आधी बंदच करून टाकलं होतं, "आता मोठा झालास, स्वतः वाच" म्हणून. साफ चूक. ज्याला वाचायला त्रास होतो त्याला तर वाचून दाखवायची जास्त गरज, नाहीतर त्याच्या वयाच्या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचणार कशा? मी माझ्या लहानपणीचं एक जाडजूड साहसाचं पुस्तक काढलं, पानं पिवळी झालेली, आणि रोज वीस मिनिटं वाचायला लागले, तो नुसता ऐकणार. बोट ठेवायला लावायचं नाही, मधे प्रश्न विचारायचे नाहीत, शेवटी "यातून काय शिकलास" तर नाहीच नाही. एवढी लबाडी करायचे की ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचे, झोप आली म्हणायचे. एकदा उठून पाणी प्यायला गेले आणि परत आले तर पुस्तक त्याच्या हातात, ओठ हलतायत. मला बघून पटकन खाली ठेवलं. मी पण काही बघितलंच नाही असं दाखवलं. फोटो काढायचा मोह आवरला बाई!

शाळेबद्दल थोडं. वर्गात एकेकाने उभं राहून एक परिच्छेद वाचायचा, हे आमच्या वेळेपासून चालत आलंय आणि चिनूच्या पोटदुखीचं मूळ तिथे होतं. पोरं हसायची. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण बाई समजूतदार निघाल्या, त्यांच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, कोणाकोणाकडे बघणार त्या तरी. आमचं असं ठरलं की त्याची पाळी असेल तो परिच्छेद आदल्या दिवशी सांगायचा, आणि त्याने हात वर केला तरच उभं करायचं. एवढंसं. पण सोमवारची पोटदुखी थांबली. तुमच्या शाळेत विचारून बघा, खर्च काहीच नाही.

पुस्तकं कुठली, हे त्या मैत्रिणीने पण विचारलं. याला एक उत्तर नाही हो. आम्ही आधी चित्र जास्त आणि मजकूर कमी असलेली घेतली, मोठ्या मुलांनी हातात धरली तरी बाळबोध वाटणार नाहीत अशी. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, फुकट, मराठीत भरपूर गोष्टी, आणि वाचनाच्या चार पातळ्या पाडलेल्या आहेत त्यामुळे निवडायला सोपं जातं, काही गोष्टी तर ऐकत ऐकत वाचता येतात. बालभारतीच्या किशोर मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाईन आहेत, त्यातली कोडी आणि विनोद आधी, गोष्टी नंतर. आणि वाचनालय. नाशिकला सार्वजनिक वाचनालय आहे, सावाना म्हणतात सगळे, 1840 पासूनचं. वाचनालयाचा मोठा फायदा म्हणजे पुस्तक आवडलं नाही तर सरळ परत करता येतं. विकत आणलेलं असलं की आपल्या पोटात कळ येते, पैसे दिलेत, आता पूर्ण कर. आमच्याकडे आता नियमच आहे, तीन पानांत मजा नाही आली तर बंद. कॉमिक्स चालतात. क्रिकेटचा स्कोअरबोर्ड चालतो. मॅगीच्या पाकिटाची मागची बाजू चालते. ऑडिओ पण चालतो, ते पण वाचनच, मग कोणी काही म्हणो.

आता चिनू पाचवीत आहे. एकदम पुस्तकातला किडा वगैरे झालेला नाही, ते गोष्टींमध्ये होतं. वाचायचा वेग अजूनही वर्गातल्या मुलांपेक्षा कमी आहे, दमतो, शुद्धलेखनाचं तर बोलायलाच नको. आजीचं ऑपरेशन झालं, तिला आता स्वच्छ दिसतं आणि ती त्याच्या चुका काढायला लागलीये, त्यावरून दोघांचं वाजतं.

सध्या तो एक पुस्तक स्वतःचं स्वतः वाचतोय, शंभरच्या आसपास पानं, एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट आहे. खूण म्हणून एसटीचं तिकीट घालतो, ते मशीनमधून येतं ना पातळ कागदाचं, त्याच्यावरचं छापलेलं सगळं उडून गेलंय, नुसता पांढरा कागद राहिलाय. मी रोज तो शाळेत गेला की गुपचूप उघडून बघायचे तिकीट कुठपर्यंत आलं. एकोणीस, सव्वीस, चौतीस, एक्केचाळीस. परवा बघितलं तर तिकीट अठराव्या पानावर! माझ्या पोटात गोळा. संध्याकाळी न राहवून विचारलंच, अरे मागे कसा गेलास, कळलं नाही का, अवघड जातंय का?

म्हणाला, "घाटातलं परत वाचायचं होतं. ब्रेक फेल होतो तिथलं." मग थोडा विचार करून, "पण तुला कसं कळलं मी मागे गेलो? आई, तू काय चेकर आहेस का?"